ज्याचा रोल त्यालाच?

वर्सोव्याच्या आरामनगरमध्ये एक वाक्य रोज कानावर पडतं: ज्याच्या नावाचा रोल असतो, त्यालाच तो मिळतो. ऑडिशनला आलेली मुलं एकमेकांची समजूत घालताना हे म्हणतात, को-ऑर्डिनेटर फोन ठेवता ठेवता म्हणतात आणि ज्यांच्या हातात निवड असते ते निर्मातेही म्हणतात. मी कास्टिंगचं काम करते, त्यातही जास्त पौराणिक मालिकांचं. या वाक्यानं न मिळालेल्याला धीर येतो, मिळालेल्याचे पाय जमिनीवर राहतात, हे मी पाहिलं आहे. तरीही मला ते पटत नाही. का पटत नाही, ते एकदा नीट मांडावं असं पुष्कळ दिवस मनात आहे. प्रारब्ध कुठे संपतं आणि माणसाचं कर्म कुठे सुरू होतं, हा आपल्याकडचा फार जुना प्रश्न आहे, आणि माझ्यासमोर तो रोज सकाळी अकरा वाजता रांग लावून उभा असतो.

आधी रोल ठरतो कसा ते सांगते. सिनेमातला मोठा नायक बहुधा आमच्यापर्यंत येतच नाही. त्याच्या तारखा मिळाल्या, त्याच्या नावावर पैसा उभा राहिला, की सिनेमा उभा राहतो. आम्ही त्याच्याभोवतीची माणसं शोधतो. मालिकेत मात्र नायकही ऑडिशनमधून येऊ शकतो. निर्मात्याकडून कॅरेक्टर ब्रीफ येतं. वय, उंची, बांधा, भाषा, स्वभावाच्या दोन ओळी. मुलं येतात. कॅमेऱ्यासमोर आधी इंट्रो द्यायचा: नाव, वय, उंची, राहायला कुठे, मग डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, दोन्ही हात पुढे आणि उलटे. मग सीन. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून समोरच्या पात्राची वाक्यं मी वाचते. त्यातले निवडक व्हिडिओ वर जातात, त्यातले दोन-तीन चॅनलकडे, मग लूक टेस्ट, मॉक शूट, आणि एखाद्या संध्याकाळी फोन येतो की अमुक लॉक झाला. या सगळ्या साखळीत प्रत्येक कडीला कुणीतरी माणूस हो किंवा नाही म्हणालेला असतो. त्याला नाव असतं, आवडनिवड असते, वरच्याची भीती असते. नशिबासाठी त्या खोलीत वेगळी खुर्ची मी अजून पाहिलेली नाही.

नशिबाची बाजू घेणारे लगेच बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'चा दाखला देतात. ही मालिका १९८८च्या गांधीजयंतीला दूरदर्शनवर सुरू झाली. नितीश भारद्वाज हे शिक्षणानं पशुवैद्य. त्यांना बोलावलं होतं विदुरासाठी. ते पोचले तर वीरेंद्र राजदान विदुराच्या वेशात तयार. मग नकुल-सहदेवाबद्दल विचारणा झाली, त्याला ते नाही म्हणाले, आणि शेवटी श्रीकृष्ण त्यांच्याकडे आला. पुनीत इस्सर यांना भीम म्हणून पाहिलं जात होतं, त्यांना हवा होता दुर्योधन, आणि तो त्यांनी मिळवला. कलाकारांच्या निवडीचं काम पाहणारे गुफी पेंटल स्वतः शकुनी झाले. हे ऐकलं की माणसं हात जोडतात: बघा, लिहिलेलंच होतं.

मला मात्र या हकिकतीत दुसरंच दिसतं. एका नटानं मिळत असलेलं काम नाकारलं. दुसऱ्यानं नको ते सांगून हवं ते मागितलं. नकार ऐकून घेणारी माणसं तिथे होती, आणि त्यांनी नकार देणाऱ्याला पुन्हा बोलावलं. यातलं कोणतं पाऊल आपोआप पडलं? त्याच महाभारतात, गीतेच्या अठराव्या अध्यायात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात असं श्रीकृष्ण सांगतो: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवं दैव. दैव आहे, मी ते नाकारत नाही. पण ते पाचवं आहे. ते शब्द कर्त्याचा अहंकार उतरवण्यासाठी आहेत, 'मी एकट्यानंच केलं' असं म्हणू नये यासाठी आहेत, हेही खरं. मात्र 'मी काही केलंच नाही' असं म्हणायची मुभा त्यातून निघत नाही. आमच्या धंद्यात पहिली चार कारणं बाजूला ठेवून सगळा भार पाचव्यावर टाकला जातो. त्यानं कुणाची सोय होते, हे बघायला हवं.

देवाच्या भूमिकेचं ब्रीफ बघा. मी अनेक निर्मितीसंस्थांची ब्रीफं पाहिली आहेत आणि त्यांत फारसा फरक नसतो. रामासाठी, कृष्णासाठी, विष्णूसाठी: गोरा, तेजस्वी, शार्प फीचर्स, डोळ्यांत करुणा. त्याच मेलमध्ये खाली असुरांचं ब्रीफ असतं: डस्की, रफ, जाड ओठ चालतील. मधे नावाडी, शिकारी, वनवासी यांच्यासाठी 'गावाकडचा चेहरा'. म्हणजे माणूस खोलीत यायच्या आधीच स्वर्ग, पृथ्वी आणि पाताळ वाटून झालेलं असतं, आणि ते कातडीच्या रंगावर.

माझं माहेर पंढरपूरचं. देवाच्या पायावर डोकं ठेवायचं तर ते काळ्या दगडावर ठेवायचं, हे मला समजायला लागल्यापासून ठाऊक आहे. राम सावळा, कृष्ण सावळा, हे आपल्या पोथ्या, आपली कीर्तनं, आपल्या ओव्या शतकानुशतकं सांगत आल्या आहेत. द्रौपदीचं तर एक नावच कृष्णा. मग गोरा देव आला कुठून? एक मोठा वाटा छापील चित्रांचा आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि तिथून देव घरोघरी भिंतीवर लागले. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाआधी त्या छापखान्याचं काम केलेलं होतं. चित्रातून कॅलेंडरवर, कॅलेंडरवरून पडद्यावर, पडद्यावरून आमच्या ब्रीफमध्ये. आता तर गोरा मुलगा निवडायचा आणि मेकअपच्या खोलीत त्याला निळा रंगवायचा, ही रीतच पडली आहे. पोथीत लिहिलेला रंग ज्याच्या अंगावर जन्मापासून आहे, तो मुलगा तोवर बाहेरच्या बाकावर असुराची वाक्यं पाठ करत बसलेला असतो.

बीड जिल्ह्यातला एक मुलगा असाच आला होता. औरंगाबादला एकांकिका करून मुंबईत आलेला, काळासावळा, रुंद कपाळाचा. कृष्णाच्या कॉलला आला होता. सीन शिष्टाईचा: कृष्ण कौरवांच्या सभेत पाच गावं मागतो आहे. बहुतेक मुलं हा सीन छाती पुढे काढून करतात, शेवटी होणाऱ्या युद्धाची आधीच खात्री असल्यासारखी. मी दुर्योधनाची वाक्यं वाचत होते. या मुलानं पहिल्या नकारानंतर मान किंचित खाली घेतली आणि पुढचं गाव मागताना आवाज आणखी हळू केला. समोरचा अजूनही ऐकेल, अशी आशा त्याला खरंच होती. पाचव्या गावापर्यंत मला पुढची ओळ वाचणं जड गेलं. देव माणसाकडे काही मागतो आणि माणूस देत नाही, तेव्हा देवाला काय वाटत असेल, हा विचार त्या दिवसापूर्वी माझ्या मनात कधी आला नव्हता.

व्हिडिओ वर गेला. उत्तर आलं: काम सुंदर, कलर इशू, असुर सेनापतीसाठी टेस्ट घ्या. मी त्याला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, ‘ताई, मी कृष्णासाठी आलो होतो ना?’ मी म्हणाले, हो. त्यानं सेनापतीचंही वाचलं, तेही चोख वाचलं. जाताना माझा चेहरा बघून त्यानंच मला समजावलं. ‘जाऊ द्या ताई, ज्याचा रोल त्यालाच मिळतो.’

हे वाक्य कुणाची सोय करतं, ते त्या दिवशी मला दिसलं. एका खोलीत बसून तीन माणसांनी एक निर्णय घेतला. त्याचं कारण लेखी होतं, दोन शब्दांचं होतं. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं ते कारण स्वतःच्या पूर्वकर्मात शोधून आम्हाला मोकळं केलं. कर्मसिद्धान्ताचा याहून मोठा गैरवापर मला सुचत नाही. जन्मावरून पायरी ठरवणाऱ्यांनीही शेकडो वर्षं हेच सांगितलं: तुझ्या वाट्याला हे आलं, कारण तुझं मागचं काही होतं. चोखोबांना देवळाबाहेर ठेवलं ते माणसांनी. त्यांची समाधी आजही महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ आहे. पुढे १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि विठ्ठलाचं दार दलितांना उघडलं, तेव्हा तेही माणसांनीच उघडलं. दैवानं काही आपणहून कडी काढली नव्हती.

यावर आमच्याकडे एक ठरलेलं उत्तर आहे: प्रेक्षक स्वीकारणार नाहीत. हे उत्तर देणाऱ्यांनी आपल्याच सिनेमाचा इतिहास डोळ्यांखालून घालावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामती मिळेना. कोणतीही स्त्री कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हती. शेवटी ग्रँट रोडजवळच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके त्यांच्या नजरेस पडले आणि पहिली तारामती तिथून आली. १९१७च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता अशी दोन्ही कामं साळुंक्यांनीच केली. राम पडद्यावर आला की प्रेक्षक वाहाणा काढत, अशी नोंद आहे. काही वर्षांपूर्वी हा माणूस कोणता पदार्थ वाढत होता, हे कुणी विचारलं नाही.

त्याहून मला मोलाचा वाटतो तो १९१९चा 'कालिया मर्दन'. त्यात बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, वय सात वर्षांच्या आसपास. सिनेमा कृष्णापासून सुरू होत नाही. आधी पडद्यावर नुसती ती मुलगी येते, आणि तिचा चेहरा एकामागून एक भाव दाखवत जातो: हसू, रुसवा, भीती, राग. माझ्या भाषेत सांगायचं तर ही चक्क ऑडिशन आहे, आणि फाळक्यांनी ती सिनेमातच ठेवली. मग बघता बघता त्याच चेहऱ्यावर मुकुट-मोरपीस उमटतं आणि मुलीचा कृष्ण होतो. मी हा तुकडा कितीतरी वेळा पाहिला आहे. फाळके प्रेक्षकांपासून काही लपवत नाहीत. ही माझी लेक आहे, हिला नीट बघून घ्या, आता हिच्यात कृष्ण बघा, असं ते उघड सांगतात. आणि प्रेक्षकांनी तो बघितला. मुलगी दिसली म्हणून कृष्ण दिसायचा थांबला नाही. बाळकृष्णासाठी मुलगी घेण्याची रीत आजही चालू आहे. २००८च्या 'जय श्री कृष्णा' मालिकेत छोट्या धृती भाटियाला बघून घराघरात लोकांनी हात जोडले.

आणखी नावं सांगता येतील. प्रभातच्या १९३५च्या 'धर्मात्मा'मध्ये एकनाथ झाले बालगंधर्व, ज्यांना महाराष्ट्र शालू-शेल्यात ओळखत होता. पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम'साठी विष्णुपंत पागनीस घेतले. तेही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले, आणि गळ्यात भजन असलेले. आज तुकोबा म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे पागनिसांचा चेहरा येतो. त्याच सिनेमातल्या गौरीबाईंबद्दल मात्र लोक कमी बोलतात, याचं मला वाईट वाटतं. प्रभातमध्ये किरकोळ कामं करणाऱ्या या बाईला जिजाई दिली गेली. आजारी पोराला ओढत देवळात नेऊन विठोबावर वहाण उगारणारी ती जिजाई बघताना मला दर वेळी वाटतं की भक्तीचा हा चेहरा कोणत्याही ब्रीफमध्ये बसला नसता. मग शाहू मोडक. नगरच्या ख्रिस्ती घरात जन्मलेला हा मुलगा १९३२च्या 'श्यामसुंदर'मध्ये कृष्ण झाला, पुढे कितीतरी वेळा कृष्ण झाला, आणि १९४०मध्ये ज्ञानेश्वर झाला. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रानं त्याला ज्ञानोबा मानलं. कुणी त्याचा बाप्तिस्मा काढला नाही.

मुलगी चालली, खाणावळीतला कामगार चालला, स्त्रीपार्टी नट चालला, ख्रिस्ती चालला, जनावरांचा डॉक्टर चालला. एवढ्या सगळ्यांना देव म्हणून ओवाळणारा हा प्रेक्षक फक्त सावळ्या रंगापाशी अडेल, हे कशावरून ठरवलं? त्याच्यासमोर तसा चेहरा ठेवलाच किती वेळा?

इथे एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून चालणार नाही. चेहऱ्याला काहीच महत्त्व नाही, असं मी म्हणत नाही. मी सगुणाच्या गावची आहे. निर्गुणाला ऑडिशन लागत नाही. सगुणाला रूप लागतं, आणि रूप म्हटलं की कुणाचं तरी रूप आलं. कुणीतरी निवडलं जाणार, बाकीचे घरी जाणार, हे अटळ आहे. पण आपल्या परंपरेनं त्यासाठी एक फार सुंदर सोय करून ठेवली आहे. पेणला गणपती घडतो तो मातीचा. चतुर्थीला आपण त्यात प्राण बोलावतो, दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस त्याला देव म्हणतो, मग अक्षता टाकून निरोप देतो. देवपण मातीच्या जातीत नव्हतं, बोलावणाऱ्याच्या श्रद्धेत होतं, आणि मुदत संपली की माती माती होते. रामनगरच्या रामलीलेतही असंच आहे. काशीनरेशांच्या त्या लीलेत राम-लक्ष्मण होणाऱ्या मुलांना डोक्यावर मुकुट चढेपर्यंत मुलंच समजतात. मुकुट चढला की म्हाताऱ्या माणसांनीही त्यांच्या पाया पडायचं. हे तत्त्व मला मनापासून मान्य आहे. पण त्याच रामनगरात ती मुलं ब्राह्मणाचीच लागतात. मुकुटानं देवपण येतं हे कळलेल्या माणसांनाही तो कुणाच्या डोक्यावर ठेवायचा हे ठरवताना जात आडवी आलीच.

आणि मातीचा दाखला माणसाला एका मर्यादेपलीकडे लागू पडत नाही. न निवडलेल्या मातीला काही वाटत नाही. न निवडलेला मुलगा लोकलनं नालासोपाऱ्याला जातो, सहा जणांच्या खोलीत आरशात बघतो, आणि पुढच्या ऑडिशनआधी चेहऱ्याला दोन शेड उजळ फाउंडेशन लावून येतो. ते लावलेलं मला कॅमेऱ्यात दिसतं: कानामागे, मानेच्या कडेला रंग तुटलेला असतो. त्याला ते पुसून यायला सांगते तेव्हा तो घाबरतो. देवाचं रूप निवडताना आपण हजारो जिवंत रूपांना सांगत असतो की तुमच्यात देव दिसणार नाही. म्हणून मी या कामाला धर्माचं काम मानते, आणि म्हणून त्यातला पक्षपात मला नुसता धंद्यातला दोष वाटत नाही. नामदेवांची गोष्ट पंढरपुरातलं पोरही सांगतं: कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ज्या मातीत देव कुत्र्यात ओळखायला शिकवलं गेलं, तिथल्या माणसाला तो सावळ्या माणसात ओळखता येत नाही, हे मला सहन होत नाही.

माझ्या हातात थोडं आहे. शेवटचा शब्द माझा नसतो. पण कॉल मी लिहिते, आणि त्यात रंगाचा रकाना मी लिहीत नाही. ब्रीफमध्ये 'गोरा' आलं तर फोन करून विचारते की हे कथेत कुठे लागतं. बहुतेकदा समोरचा गप्प होतो, कधी चिडतो, कधी म्हणतो की जुन्या ब्रीफमधून तसंच उतरलं असेल. व्हिडिओखाली मी सीन कसा झाला तेवढंच लिहिते. आणि कुणाला नाही सांगायचं असेल तर 'तुझा नव्हता' असं म्हणत नाही. कुणी ठरवलं आणि का, जेवढं सांगता येतं तेवढं सांगते. हे ऐकणं जड जातं हे मला माहीत आहे. पण त्यानंतर मुलं स्वतःत खोट शोधत बसत नाहीत, भांडायला परत येतात, आणि त्यांनी भांडावं असं मला वाटतं.

परवा एका नव्या मालिकेसाठी विठ्ठलाचं ब्रीफ आलं. वय पंचवीस ते तीस, उंच, शांत, फेअर. मी फोन केला आणि म्हणाले, साहेब, हा पंढरपूरचा विठ्ठल आहे. पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग ते म्हणाले, ‘बरं, टेस्ट पाठवा, बघतो.’ बीडच्या त्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता. सोमवारी अकराची वेळ दिली आहे, आणि फाउंडेशन न लावता ये असं सांगितलं आहे.